घोरणाऱ्या नवऱ्यावर पाळत

माझ्या मोठ्या दिरांच्या मुलीचा साखरपुडा वैजापूरला होता. पंगती बसायच्या आधी पुरुषमंडळी ओळीनं खुर्च्यांवर बसली होती आणि आमचे मिस्टर पहिल्या रांगेत, होणाऱ्या व्याह्यांच्या शेजारी, तोंड उघडं टाकून झोपले होते. भरदुपारी. समोर मुलीची ओटी भरणं चालू होतं. ह्यांची मान आधी एका बाजूला कलली, मग व्याह्यांच्या खांद्यावर जाऊन टेकली. त्या माणसानं हळूच अंग चोरून घेतलं, ते मी बायकांच्या घोळक्यातून पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "काका लई रंगात दिसतेत." दोघंतिघं हसले.

त्यांच्यासाठी ती गंमत होती. माझ्यासाठी नव्हती. कारण 'रंगात' या शब्दाचा अर्थ मला लहानपणापासून माहीत होता.

माझं माहेर अजिंठ्याकडचं. माझे वडील प्यायचे. आई त्यांचा शर्ट धुवायला टाकण्याआधी नाकाशी धरायची, गव्हाच्या पोत्यामागं हात घालून बघायची, आणि ते दाराशी आले की त्यांच्या चपलेच्या आवाजावरून आज किती झालीय हे ओळखायची. हे सगळं तिनं मला शिकवलं नाही, पण मी शिकले. लग्न ठरवताना मी घरच्यांना एकच गोष्ट विचारली होती, मुलगा पितो का. नाही म्हणाले. आणि खरोखर इतकी वर्षं काही नव्हतं. वाळूजच्या एका कंपनीत नोकरी, स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचं काम, संध्याकाळी घर. तंबाखूसुद्धा नाही.

पण त्या साखरपुड्यानंतर मी मागचं आठवायला लागले, आणि आठवेल तसं एकेक जुळत गेलं. हे सकाळी उठायचे ते डोकं धरूनच. डोळे लाल. उशाशी पाण्याचा तांब्या, तो सकाळपर्यंत रिकामा. तोंड सारखं कोरडं. आधी शांत असणारा माणूस आता भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचा. दूध आणायला जायचे आणि ब्रेड घेऊन यायचे. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत डुलकी, न्हाव्याच्या खुर्चीत डुलकी. मी विचारलं की एकच उत्तर, "थकवा आहे. वय झालं."

पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती ह्यांनी.

मुलीचं दहावीचं वर्ष होतं, म्हणून मी तिच्या खोलीत झोपायला लागले होते. ती उशिरापर्यंत अभ्यास करायची आणि तिला सोबत लागायची. खरं सांगायचं तर ह्यांच्या घोरण्यानंही मी कंटाळले होते. घोरणं आमच्या घरात चेष्टेचा विषय होता. मुलगी म्हणायची, पप्पांचा ट्रॅक्टर सुरू झाला. त्यामुळं ह्यांची रात्र कशी जाते हे त्या वर्षात मला ठाऊकच नव्हतं, आणि आता शंका आली तेव्हा वाटलं, मी दुसऱ्या खोलीत गेले याचाच फायदा घेतला जातोय.

मग मी आईचीच मुलगी झाले. स्कूटरची डिक्की उघडून पाहिली. माळ्यावरच्या जुन्या कुकरमध्ये पाहिलं. शर्ट नाकाशी धरला. वास घामाचा आणि ग्रीसचा, बाकी काही नाही. पण खिशात वेलदोडे सापडले. एक-दोन नाही, कागदाच्या पुडीत मूठभर. माझे वडील बडीशेप ठेवायचे. मी ती पुडी होती तशी परत ठेवली.

ह्यांच्या बरोबर स्टोअरमध्ये काम करणारे एक भाऊजी आमच्याच कॉलनीत राहतात. भाजीच्या गाड्यावर भेटले, तर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कामावर ह्यांचं कसं काय चाललंय?"

त्यांनी हातातली वांगी खाली ठेवली. "चाललंय की वहिनी. बरं चाललंय."

"जरा थकल्यासारखे वाटतात."

"आम्ही सांभाळून घेतो," ते म्हणाले, आणि मग आपण जास्त बोललो असं वाटून घाईनं पैसे देऊन निघून गेले. वांगी गाड्यावरच राहिली.

सांभाळून काय घेतात? धड चालणाऱ्या माणसाला कशाला सांभाळून घ्यायचं? मला आता पुराव्याची गरजच उरली नव्हती. फक्त कुणीतरी ते तोंडानं बोलायला हवं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे संध्याकाळी घरी आले ते तोंडाला रुमाल लावून. सिडकोजवळ रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या केळीच्या गाड्यावर स्कूटर घातली होती. उजेड चांगला होता, रस्ता मोकळा होता, गाडा जागचा हलत नव्हता. ओठ फाटलेला, समोरचा दात अर्धा तुटलेला, बाकी नशिबानं काही नाही. "कसं झालं?" म्हणाले, "कळलंच नाही. एकदम गाडा समोर आला." गाडा कसा समोर येईल? जखम पुसताना जवळ वाकून श्वास घेतला. रक्त आणि वेलदोडा.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून सुट्टी घेतली. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरला बसते, रक्त-लघवीचे नमुने घेऊन नाव-नंबर टाकायचं काम. ह्यांना मी आमच्या घराजवळच्या दातांच्या मॅडमकडं घेऊन गेले. तरुण बाई, स्वतःच्याच घराच्या खालच्या मजल्यावर दवाखाना, बोलणं मोजकं. तुटलेला दात बघून त्यांनी ह्यांना खुर्चीत घेतलं आणि मी बाहेर बाकावर बसले. पण माझं लक्ष दाताकडं नव्हतंच. मी वेगळ्याच कामाला आले होते.

काम आटोपून हे बेसिनकडं गेले तशी मी आत शिरले. हळू आवाजात म्हटलं, "मॅडम, एक विचारायचंय. तुम्ही इतक्या जवळून तोंडात बघता. ह्यांच्या तोंडाला दारूचा वास येतो का?"

त्यांनी मास्क खाली केला आणि माझ्याकडं असं बघितलं की क्षणभर मलाच वाटलं, आपण काय विचारून बसलो. मग म्हणाल्या, "नाही. आज तरी नाही. पण ताई, मी तुम्हाला एक विचारू? हे घोरतात का?"

"घोरतात. त्याचा काय संबंध?"

"मी दाताला मशीन लावलेलं होतं आणि हे झोपले. माझ्या खुर्चीत लोक घाबरून हाताची मूठ आवळून बसतात ताई. झोपत कुणी नाही."

तेवढ्यात हे रुमालानं तोंड पुसत आले. मॅडमनी ह्यांना परत बसवलं आणि मला जवळ बोलावून तोंडात दाखवलं. दाढा वरून घासून सपाट झालेल्या, झोपेत दात खात असल्यासारख्या. जिभेच्या कडांना दातांचे ठसे. पडजिभेच्या मागची जागा अगदी अरुंद. खालचा जबडा मुळातच थोडा मागं. "झोपेत श्वास अडत असेल, असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "याला स्लीप ॲप्निया म्हणतात. पण ते ठरवायचा अधिकार माझा नाही. छातीच्या डॉक्टरांकडं जा, ते रात्रीची एक तपासणी करतील." त्यांनी चिठ्ठीवर दोन डॉक्टरांची नावं लिहून दिली.

तिथंच माझा दुसरा संशय जागा झाला.

लॅबच्या काउंटरमागं इतकी वर्षं बसले की माणसाला काही गोष्टी कळतात. कोणता डॉक्टर कोणती तपासणी कुठं पाठवतो आणि महिन्याच्या शेवटी पाकीट घेऊन त्याच्याकडं कोण जाऊन येतं, हे सगळं मी पाहिलेलं. दात दाखवायला गेलेल्या माणसाला छातीच्या डॉक्टरकडं पाठवायचं, त्यानं तपासणी लिहायची. मला ती साखळी लगेच दिसली. घरी येताना मी ह्यांना म्हटलं, "दातांच्या डॉक्टरला झोपेचं काय कळतं?" ह्यांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, चोरी पकडली जाईल म्हणून.

दात बसवायला परत जायचं होतं तेव्हा मी मॅडमना सरळच विचारलं. "तपासणीत तुमचं किती असतं?"

त्या रागावल्या नाहीत, याचाही मला संशय आला. म्हणाल्या, "माझं काही नसतं. पण माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. मी दिलेली नावं सोडून द्या. सरकारी दवाखान्यात दाखवा, तुमच्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवा. फक्त दाखवा. आणि त्याआधी हे झोपलेले असताना शेजारी बसून ऐका. घोरण्याचा आवाज नाही, मधली शांतता ऐका."

त्या रविवारी जेवण झाल्यावर हे नेहमीसारखे पलंगावर आडवे झाले. मी खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळानं मुलगी पुस्तक घेऊन आली आणि पलंगाच्या कडेला टेकली. घोरणं सुरू झालं, वाढत गेलं, खिडकीची काच थरथरेल एवढं झालं, आणि एकदम थांबलं. मी सुटकेचा श्वास सोडला. पण मग बघते तर छाती वरखाली होतेय, पोट आत ओढलं जातंय, आणि नाकातोंडातून काहीच आवाज नाही. बंद दारावर कुणी आतून ढकलत असावं तसं ते अंग धडपडत होतं.

मुलगी म्हणाली, "मम्मी, पप्पा श्वास घेत नाहीयेत."

मी हात पुढं केला, तेवढ्यात ह्यांनी मोठा आचका दिला, घशातून खरखर झाली आणि श्वास सुरू झाला. डोळे उघडले नाहीत. कुशीवर वळले आणि पुन्हा घोरायला लागले. थोड्या वेळानं परत तेच. मुलगी रडायला लागली. तिला मी बाहेर पाठवलं आणि तशीच बसून राहिले, उठवू की नको हे न कळून.

त्या संध्याकाळी मी आईला फोन लावला. बाकीचं काही न सांगता विचारलं, "बापू घोरायचे का गं?"

"लई," आई म्हणाली. "अख्खी गल्ली जागी व्हायची."

"मधेच श्वास थांबायचा का?"

"थांबायचा कधीकधी. मी कोपरानं ढोसायची." मग माझ्या मनात काय चाललंय ते ओळखल्यासारखं म्हणाली, "पण पीत पण व्हते बरं का. त्यात काय शंका नाय."

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. दातांच्या मॅडमनी दिलेल्या नावांकडं मी मुद्दाम गेले नाही. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी ह्यांची मान मापली, रक्तदाब घेतला, आणि जे प्रश्न विचारले ते ऐकून मी खाली बघायला लागले. सकाळी डोकं दुखतं का. तोंड कोरडं पडतं का. चिडचिड होते का. विसरायला होतं का. गाडी चालवताना डोळा लागतो का. मी मनात जी यादी करत आले होते तीच ते वाचत होते, फक्त दारूचं नाव न घेता. शेवटी तेही विचारलं. "पिता का? घोरण्याला त्यानं आणखी वाढ होते." हे म्हणाले, नाही. डॉक्टरांनी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला. मी मात्र ह्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

तपासणीसाठी एक छोटं यंत्र घरी दिलं. नाकाला नळी, बोटाला चिमटा, छातीला पट्टा, एक रात्र लावून झोपायचं. अहवालात आलं ते असं, की दर दोन-तीन मिनिटांनी ह्यांचा श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू खाली जातो आणि मेंदू ह्यांना अर्धवट जागं करतो. रात्रभर. "म्हणजे हे इतके महिने झोपलेलेच नाहीत," डॉक्टर म्हणाले. आजार मध्यम, पण गाडी चालवणं तूर्त बंद.

पहिला उपाय मशीनचा. तोंडावर मास्क बसवायचा आणि ते रात्रभर हवा आत ढकलतं. आम्ही ते भाड्यानं आणलं. ह्यांनी मनापासून प्रयत्न केला हे मी पाहिलं. पण मास्क लावला की ह्यांना विहिरीत पडल्यासारखं व्हायचं. झोपेत ओरबाडून काढायचे. नाकाच्या वर फोड आले. मास्क बदलून पाहिला, हवेचा जोर कमी-जास्त करून पाहिला. लाइट गेली की गुदमरून उठायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांना जमत नाही. मध्यम आजारात दुसरा मार्ग आहे. खालचा जबडा पुढं धरून ठेवणारं एक साधन दातांवर बसवतात. दातांच्या डॉक्टरांकडं जा. तुमच्या कोणी आहेत का?"

आमच्या होत्या. आणि मला वाटलं, बघा, फिरून फिरून तिथंच आणलं.

परत त्यांच्या दारात जाताना मी मनाशी ठरवून गेले होते की एकही गोष्ट न विचारता सोडायची नाही. मॅडमनी सरकारी दवाखान्याचा अहवाल नीट वाचला. मग म्हणाल्या, "ताई, तुम्हीच करून बघा. खालचा जबडा मागं ओढा आणि घोरल्याचा आवाज काढा."

हे आणि मदतनीस बाई बघत असताना मी तो आवाज काढला.

"आता खालचे दात वरच्या दातांच्या पुढं आणा आणि तोच आवाज काढा."

निघेना. पुन्हा प्रयत्न केला, नुसतीच हवा आली. मॅडम म्हणाल्या, "जीभ जबड्याला धरून असते. झोपेत सगळं सैल पडतं, जीभ मागं जाते, रस्ता बंद होतो. जबडा थोडा पुढं राहिला की जीभही पुढं राहते. एवढंच काम आहे याचं."

"म्हणजे हे बरे होतील?"

"आजार जाणार नाही. साधन तोंडात आहे तोवर रस्ता उघडा राहील, असं व्हायला पाहिजे. काहींना फरक पडत नाही. सुरुवातीला जबडा दुखेल, लाळ येईल. वर्षानुवर्षं वापरलं तर दातांची ठेवण थोडी हलू शकते, म्हणून मला दाखवत राहावं लागेल. हिरड्या चांगल्या आहेत म्हणून मी तयार आहे, नाहीतर नाही म्हटलं असतं."

मी म्हटलं, "बाजारात घोरणं थांबवायच्या पट्ट्या मिळतात. त्या का नको?"

"मिळतात. त्यानं कधी आवाज बंद होतो आणि श्वास अडायचा तो अडतच राहतो. घरच्यांना वाटतं बरं झालं. म्हणून साधन बसलं की ते तोंडात घालून तीच रात्रीची तपासणी परत करायची. माझ्याकडं नाही, तुमच्या डॉक्टरांकडं. तो अहवाल चांगला आला नाही तर माझं काम झालं असं मी म्हणणार नाही."

एवढ्यानंतर मला विचारायला काही उरलं नाही, आणि त्यामुळं मी आणखीच अस्वस्थ झाले. फसवणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला माहीत होतं. हिच्याशी कसं वागायचं ते कळत नव्हतं.

त्यांनी ह्यांच्या दातांची मापं घेतली. काही दिवसांनी साधन आलं. वरच्या दातांवर एक आणि खालच्या दातांवर एक, पारदर्शक टणक कवच, बाजूला दोन बारीक स्क्रू. स्क्रू फिरवला की खालचं कवच केसभर पुढं सरकायचं. मॅडमनी एकदम पुढं ओढलं नाही. थोडं सरकवायचं, काही दिवस बघायचं, सोसलं तर आणखी थोडं. मुलीनं त्याला 'पप्पांची कवळी' नाव ठेवलं.

पहिला आठवडा वाईट गेला. उशीचा अभ्रा रोज ओला. सकाळी ह्यांना दात जुळवता यायचे नाहीत, चहात बुडवलेलं बिस्किटसुद्धा बाजूनं चावायचे. मला खात्री होती की हे रात्री काढून ठेवत असणार. म्हणून हे आंघोळीला गेले की मी डबी उघडून कवळी ओली आहे का ते बघायची. एकदा हे टॉवेल विसरले म्हणून परत आले आणि मला डबीसकट पकडलं.

"झाली तपासणी?" म्हणाले.

मी डबी ठेवून दिली. हे पलंगावर बसले. म्हणाले, "एक सांग. दातांच्या मॅडमना तू पहिल्या दिवशी आत जाऊन काय विचारलंस? मी बेसिनपाशी होतो. तू हळू बोलत होतीस."

मी विषय टाळायला गेले, तर हे म्हणाले, "मला वाटलं, त्यांना माझ्या तोंडात काहीतरी वाईट दिसलंय. गाठ वगैरे. तुम्ही दोघींनी मिळून मला सांगायचं नाही असं ठरवलंय आणि झोपेचं निमित्त करून मोठ्या दवाखान्यात नेताय. तपासणी झाली, अहवाल आला, तरी मला वाटायचं खरा अहवाल तुझ्यापाशी आहे."

इतके महिने. मी ह्यांचा शर्ट हुंगत होते आणि हे माझा चेहरा वाचत होते, आणि दोघांनाही दुसरंच काहीतरी दिसत होतं.

मग मी सांगितलं. वैजापूरपासून सगळं. कुकर, डिक्की, वेलदोडे, बापू. हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "वेलदोडे तोंडाला वास यायचा म्हणून. रात्रभर तोंड उघडं राहायचं ना." आणि उठून आंघोळीला गेले.

त्यानंतर दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. जे सांगायचं ते मुलीकरवी. मी समजूत काढायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडत होते तर समोर येऊन बसले आणि एक जुडी ओढून घेतली.

"सरळ विचारायचं होतंस," म्हणाले.

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

"दारूचं सांगितलं असतं. नाहीच म्हटलं असतं." मग एक काडी मोडून म्हणाले, "फोर्कलिफ्टचं नसतं सांगितलं."

"फोर्कलिफ्टचं काय?"

तेव्हा कळलं. साखरपुड्याच्याही आधी ह्यांना एकदा फोर्कलिफ्टवर डोळा लागला होता. माल उचललेला, गाडी हळूहळू पुढं जात रॅकला टेकली. कुणाला लागलं नाही. पण साहेबांनी ह्यांना गाडीवरून उतरवून माल मोजायच्या टेबलावर बसवलं. बरोबरच्यांनी बाहेर कुठं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. हे रोज घरून निघताना मला दिसेल असं फोर्कलिफ्टवाल्यांचं पिवळं जॅकेट घालायचे आणि कंपनीत गेल्यावर काढून लॉकरमध्ये टाकायचे.

म्हणजे हे लपवत होतेच. माझा अंदाज त्या बाबतीत चुकला नव्हता. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी निवडलेली मेथी परत निवडत बसले.

जबड्याचं दुखणं हळूहळू कमी झालं. पहिला फरक ह्यांना नाही, मुलीला कळला. ती म्हणाली, पप्पा आता गणित सांगताना चिडत नाहीत. मग ह्यांची डोकेदुखी गेली. तांब्या सकाळी अर्धा भरलेला राहायला लागला. एका सकाळी उठून म्हणाले, "स्वप्न पडलं," आणि ते इतक्या नवलानं म्हणाले की स्वप्न काय होतं हे मी विचारलंच नाही. स्क्रू पुरेसा पुढं आल्यावर मॅडमनी स्वतः आठवण करून सरकारी दवाखान्यात पाठवलं. साधन घालून तपासणी झाली. श्वास अडणं पुष्कळच कमी झालेलं होतं, पूर्ण बंद झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चालेल, वजन उतरवा, कुशीवर झोपा, वर्षानं परत बघू. कंपनीच्या डॉक्टरांनीही काही महिने थांबवून मग ह्यांना फोर्कलिफ्ट परत दिली. हे खरं आहे का ते मी त्या भाऊजींना विचारून घेतलं. ते यावेळी हसून म्हणाले, "व्हय वहिनी, खरंय."

दातांच्या मॅडमकडं आम्ही अजून जातो. त्या दातांची ठेवण बघतात, स्क्रू बघतात. माझ्याबद्दल त्यांच्या मनात काय आहे ते मी कधी विचारलं नाही. माझी आई गावाहून आली होती तेव्हा तिच्या दाढेसाठी मी तिला तिथंच नेलं, एवढं मात्र केलं.

मुलीची परीक्षा झाल्यावर मी परत आमच्या खोलीत झोपायला आले. आता घोरणं नाही, पण एक नवीन अडचण आहे. कवळी तोंडात घातली की ह्यांना बोलता येत नाही, बोबडं काहीतरी येतं आणि लाळ गळते. त्यामुळं जे काय बोलायचं ते आधी बोलून घ्यावं लागतं. दिवा मालवायच्या आधी आम्ही पलंगावर बसतो, आणि मी दिवसभराचं एकेक काढते. वैजापूरच्या शेताच्या वाटणीचं मोठे दीर काय म्हणाले, मुलीला कोणत्या कॉलेजला घालायचं, काल कुणाचा फोन होता. हे दोनतीन गोष्टींची उत्तरं देतात. मग डबीकडं हात जातो. कवळी बसली की मला हातानंच खूण करतात, उद्या. काही प्रश्न येताना दिसले की ती जरा लवकरच तोंडात जाते, असा माझा दाट संशय आहे.